एक्स्पान्शन चेंबर

टू-स्ट्रोक शर्यती इंजिनाचा, मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता एक्झॉस्ट पाइप. पाइपात उठणाऱ्या दाबलहरींकडून सिलिंडर भरून घेण्यासाठी त्याची रचना असते.

उगमाबाबत मतभेद आहेत. मिशेल कॅडेनसी यांची पेटंटे 1930 च्या दशकातली. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायूची वाट) उघडताच जळका वायू झपाट्याने निसटतो व मागे पोकळी राहते, हे त्यांचे स्पष्टीकरण. पुढील अभ्यासकांनी मात्र श्रेय परावर्तित लहरींना दिले. 1950 नंतर डीकेडब्ल्यू या जर्मन मोटारसायकल कंपनीच्या एरिख वोल्फ यांनी असे पाइप वापरल्याचे सांगितले जाते. तरी लहर ऑसिलोस्कोपवर (लहरींचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहून, पोर्ट व पाइप एकत्र जुळवण्याचे काम पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांचेच मानणे सयुक्तिक. (व्ही-1 या जर्मन उडत्या बाँबशी त्यांचा जोडला जाणारा संबंध सावधपणे घ्यावा, त्यांचे युद्धकालीन काम हेन्शेल कंपनीच्या एचएस 293 या नियंत्रित बाँबवर होते.) 1961 मध्ये त्यांचे 125 सीसी इंजिन सुमारे 25 अश्वशक्ती देई. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीतून पश्चिमेकडे निघून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली.

एक्झॉस्ट पोर्टमधून निघालेली दाबलहर रुंदावत्या शंकूत शिरली की तिचा काही भाग शोषलहर होऊन परततो व ट्रान्सफर पोर्टमधून (ताजे मिश्रण आत येण्याच्या वाटेतून) मिश्रण ओढतो. उरलेली लहर पुढच्या निमुळत्या शंकूवरून दाबलहर म्हणूनच उलटते आणि पाइपात सांडलेले मिश्रण पोर्ट मिटण्याआधी आत ढकलते. पिस्टनपासून या निमुळत्या शंकूच्या परावर्तनबिंदूपर्यंतची लांबी = लहरीचा वेग × एक्झॉस्ट पोर्ट उघडे राहण्याचे क्रँकचे अंश ÷ (12 × फेरे प्रतिमिनिट). वेग 518 मी./से., 190 अंश व 11,000 फेरे धरल्यास ती 746 मिमी. येते. प्रत्यक्षात कमाल शक्ती 10,500 वरच आली, तर वायू धरला त्याहून थंड आहे. ती 11,000 वर हवी असल्यास हेडर (पोर्टला जोडलेली सुरुवातीची नळी) साधारण 34 मिमी. कापावा. चाचणीसाठी हेडरला सरकता जोड ठेवणे सोयीचे.

शेवटच्या बारीक नळीचा, म्हणजे स्टिंगरचा, व्यास हेडरच्या सुमारे 0.6 पट; 38 मिमी. हेडरला 23 मिमी. तो मोठा झाला तर शक्ती पडते. लहान झाला तर उष्णता कोंडते व पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. नवा पाइप चढवताना मेन जेट (कार्ब्युरेटरमधील इंधनाचे मुख्य छिद्र) एक-दोन नंबर मोठा घालून, स्पार्क प्लगचा रंग पाहत लहान जेटकडे यावे.

फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह-ओव्हरलॅपच्या (इनलेट व एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या) वेळी येणारी शोषलहरच कामाची. तेथे प्रायमरी पाइपांची (प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र नळ्यांची) लांबी व त्या एकत्र येतात तो कलेक्टर महत्त्वाचे.