एरोड्रम रोडच्या टोकाला

इंदूरला बड्या गणपतीवरून विमानतळाकडे जाणारा रस्ता अजून एरोड्रम रोडच आहे. विमानतळाला देवी अहिल्याबाईंचं नाव लागून बरीच वर्षं झाली. पण रिक्षावाल्याला 'एरोड्रम' म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. हा शब्द आला तेव्हा तिथे तिकिटाची खिडकी नव्हती, काचेची इमारत नव्हती. होतं ते सपाट मैदान. फ्लाइंग क्लबचा खुला दिवस असला, हँगरबाहेर, म्हणजे विमानांच्या शेडबाहेर, जुनी विमानं मांडली आणि पोरं दोरीवरून वाकून पंखाला हात लावायला धडपडू लागली, की तो काळ पुन्हा डोळ्यांपुढे येतो. कारण विमान लोकांना जवळून दाखवणं ही हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट नव्हे. सुरुवातीला तोच धंदा होता.

भारतात फ्लाइंग क्लब आले ते १९२८च्या सुमारास, दिल्ली-मुंबईपासून. सरकार अनुदान देई, क्लब 'मॉथ' जातीची हलकी विमानं घेई आणि हौशी मंडळी शिकत. मॉथचे पंख दुमडून ते मोटारीमागे ओढत नेता येई, त्यामुळे मोठ्या हँगरवाचून भागे. १० फेब्रुवारी १९२९ला जेआरडी टाटांना मुंबईच्या क्लबात शिकून देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. नेव्हिल व्हिन्सेंट हे नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि इंदूरचा धागा नेमका त्याच्याशी जुळतो.

व्हिन्सेंट ब्रिटिश वायुदलातून बाहेर पडलेला वैमानिक. पहिल्या महायुद्धातली दोन जुनी डीएच-९ बॉम्बर विमानं आणि एक जोडीदार घेऊन तो भारतभर हिंडला. गावाबाहेरच्या माळावर उतरायचं, गर्दी जमली की पैसे घेऊन एकेकाला आकाशात चक्कर मारून आणायची. जत्रेतल्या पाळण्यासारखाच प्रकार. पण या भटकंतीत देशातलं कुठलं मैदान कसं आहे, कुठे उतरता येतं, कुठे चाक रुततं, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? त्यानेच टाटांना हवाई टपालाची कल्पना पटवली. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडींनी पस मॉथमधून कराचीहून मुंबईपर्यंत टपाल आणलं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते व्हिन्सेंटने नेलं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई, म्हणून तेवढे महिने सेवा पुण्याहून चालवावी लागे.

१९३५मध्ये होळकर दरबाराने विमानतळासाठी जागा शोधायला घेतली आणि सल्ला मागितला तो याच व्हिन्सेंटचा. गादीवर यशवंतराव होळकर दुसरे होते, जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणारे. नव्याची त्यांना धास्ती नव्हती. जागा ठरली बिजासन टेकडीजवळची. माळव्याची काळी माती पहिल्या पावसातच बुटाला किलो-किलोने चिकटते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. जुहूचा चिखल तुडवलेल्या माणसाची नजर टेकडीकडच्या जमिनीवर गेली, यात मला नवल वाटत नाही. १९३७मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर जुलै १९४८मध्ये ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबईशी नियमित प्रवासी वाहतूक आली आणि १ एप्रिल १९५०ला होळकरांचं हे एरोड्रम केंद्र सरकारकडे गेलं.

क्लबांचे खरे सुगीचे दिवस दुसऱ्या महायुद्धानंतरचे. युद्धात हजारो वैमानिक टायगर मॉथवर शिकले होते. युद्ध संपल्यावर ही विमानं वायुदलांना नकोशी झाली आणि क्लबांच्या पदरात पडली. टायगर मॉथ जवळून पाहावं. एकावर एक दोन पंख, मध्ये तारा ताणलेल्या, पंखांच्या लाकडी सांगाड्यावर कापड आणि त्यावर रोगण. बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. सेल्फ-स्टार्टर नाही, ब्रेक नाहीत. एकजण पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवतो. 'स्विच ऑफ' अशी खात्री करून आधी दोन-चार वेळा, मग 'कॉन्टॅक्ट' अशी हाक झाली की एक झटका द्यायचा आणि चटकन मागे सरायचं. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. बोलायला रबरी नळी, तिचं टोक शिरस्त्राणातल्या कानापाशी. ऐकू नळीतून थोडं येई आणि वाऱ्यातून जास्त.

अशा प्रदर्शनात कुणीतरी काका शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय काढतातच, त्यांनी म्हणे राइट बंधूंच्या आधीच विमान उडवलं. १८९५, गिरगाव चौपाटी आणि बघायला खुद्द सयाजीराव! त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा सापडत नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचा हवाला देतात त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्येच दाखवून दिलं. मराठी माणसाचा अभिमानच मिरवायचा तर विष्णु माधव घाटगे घ्यावेत. कोल्हापूरकडचा हा मुलगा जर्मनीत गॉटिंगेनला नामवंत वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्याकडे शिकला, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्यात घाटग्यांच्या हाताखाली घडलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१मध्ये उडालं. पुढे १९५८मध्ये पुष्पक आलं: वर एकच पंख, खाली शेजारी-शेजारी दोन जागा. ते खास फ्लाइंग क्लबांसाठीच होतं. शिकवणाऱ्याचं बोलणं आता नळीवाचून ऐकू येऊ लागलं, आणि शिकणाऱ्याचा चेहराही त्याला दिसू लागला.

म्हणून खुल्या दिवशी मुलांना न्यायचंच असेल तर माझं ऐका: चकचकीत नव्या सेसना विमानापाशी फार वेळ घालवू नका, जुन्या विमानाच्या कापडी पंखापाशी थांबा. आणि क्लबाचं फाटक बंद असेल त्या दिवसांसाठी बिजासन आहेच. नवरात्रात मातेचं दर्शन घेऊन आलेली मंडळी टेकडीवर पोहे-जलेबी खात बसतात, आणि खाली धावपट्टीवर काही हललं की पोरं आधी उठतात.