पेन्शन सुरू, म्हणून हुकूमही कायम?

मे २०२५ मध्ये केंद्राने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीला (नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या अर्धवेळ दलाला) पाचारण करण्याचे अधिकार दिले. तेव्हापासून चाळीसगाव-पारोळ्याच्या पारांवर जुनीच आवई नव्याने फिरते: पेन्शन घेणाऱ्या प्रत्येक फौजीला सरकार कधीही परत बोलावू शकतं.

तसं नाही. टेरिटोरियल आर्मी १९४८ च्या कायद्याने उभी आहे. तिच्यात स्वतः भरती झालेल्यांनाच तो आदेश लागू होतो. माजी सैनिक त्यात आपोआप येत नाही.

लष्करातल्या जवानाला परत बोलावण्याचा आधार म्हणजे राखीव दल (रिझर्व्ह) आणि त्याचा १८८८ चा कायदा. ती बांधिलकी मुदतीची असते, पेन्शनसारखी आयुष्यभराची नव्हे. डिस्चार्ज बुक (सेवेतून सुटताना मिळालेलं नोंदपुस्तक) उघडा: तुम्हाला 'रिझर्व्ह'मध्ये पाठवलं की थेट पेन्शनवर सोडलं, ते तिथेच कळतं. रिझर्व्हची नोंद नसेल किंवा मुदत संपली असेल, तर विषय मिटला.

मुदत चालू असेल तर मात्र पत्ता सांभाळा. आदेश लेखी येतो, रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे) नोंदवलेल्या पत्त्यावर. घर चोपड्याहून नाशिकला हलवलं आणि कळवलंच नाही, तर गोची तिथेच होते. परत बोलावण्याच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारा फॉर्म आणि 'नोंदणी फी' ही निव्वळ लुबाडणूक. शंका असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जा.

डीएससीत (संरक्षण ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) जाणारे माजी सैनिक मात्र राजीखुशीने पुन्हा भरती होतात; त्यांना कुणी हुकमाने बोलावलेलं नसतं.