प्ली बार्गेनिंग : अमेरिकेतील कबुलीचा सौदा

प्ली बार्गेनिंग : खटला पूर्ण न चालवता आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि त्याबदल्यात सरकारी वकिलाने आरोप सौम्य करायचा, काही आरोप मागे घ्यायचे किंवा कमी शिक्षेची शिफारस करायची, अशी फौजदारी प्रकरणातील तडजोड. अमेरिकेत ही आडवाट नसून हमरस्ता आहे. 2012 साली ‘लाफ्लर विरुद्ध कूपर’ या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आकडे नोंदवले : फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयांतील 97 टक्के आणि राज्यांतील 94 टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून होतात. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी आजच्या फौजदारी व्यवस्थेचे वर्णन खटल्यांची नव्हे, तर बहुतांशी कबुल्यांची व्यवस्था असे केले.

संविधान वाचले तर यातले काहीच दिसत नाही. मूळ संविधानाच्या तिसऱ्या कलमानुसार महाभियोग वगळता सर्व गुन्ह्यांचे खटले ज्युरीसमोर, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांसमोर, चालायचे आहेत. 1791 च्या हक्कांच्या सनदेने त्यात भर घातली : स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, खटला जलद आणि जाहीर हवा, साक्षीदारांची उलटतपासणी घेता यावी, वकील मिळावा, जामिनाची रक्कम अवाजवी नसावी. एक निरपराध अडकण्यापेक्षा दहा अपराधी सुटलेले बरे, हे इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनचे सूत्र अमेरिकेने उचलले. बेंजामिन फ्रँकलिनने 1785 मध्ये तो आकडा शंभरावर नेला. मराठी माणसाच्या तोंडीही शंभरच बसला आहे.

या आदर्शाचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे क्लॅरेन्स गिडियन. फ्लोरिडातील एका पूल रूममध्ये (बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या अड्ड्यात) घरफोडी केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला झाला, वकील द्यायला न्यायालयाने नकार दिला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने शिसपेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. 1963 साली न्यायालयाने एकमताने ठरवले, की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल, तर तो सरकारने द्यायचा. फेरखटल्यात वकील मिळाला आणि गिडियन निर्दोष सुटला.

पण ही सारी कवचकुंडले प्रामुख्याने खटल्यासाठी आहेत. कबुलीच्या कागदावर सही करताना आरोपी ज्युरी, उलटतपासणी आणि मौनाचा हक्क एका दमात सोडून देतो. बहुतेकदा अपिलाचा हक्कही त्यातच जातो. सरकारी खर्चाच्या वकिलाकडे प्रकरणांचा इतका ढीग असतो, की पुष्कळ ठिकाणी त्याचे मुख्य काम बचाव करण्याऐवजी सौदा समजावून सांगणे एवढेच उरते.

पूर्वी असे नव्हते. 1804 साली मॅसॅच्युसेट्समध्ये बॅटिस नावाच्या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने बलात्कार व खुनाचा आरोप कबूल केला, तेव्हा न्यायालयच बिचकले. कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, असे त्याला समजावून विचार करायला परत पाठवले. तो ठाम राहिला, तेव्हा शेरीफ, तुरुंगाधिकारी आणि दंडाधिकारी यांना शपथेवर विचारण्यात आले : हा शुद्धीवर आहे ना, याला कुणी आमिष किंवा धाक दाखवला नाही ना? मगच कबुली स्वीकारली गेली आणि त्याला फाशी झाली. निकाल भयंकरच होता, पण आमिष दाखवून घेतलेली कबुली ही कबुलीच नव्हे, हे त्या न्यायालयाला उघड वाटत होते.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, व्यावसायिक पोलीस व सरकारी वकील आले, आणि सौदे मागच्या दाराने शिरले. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात फेडरल न्यायालये खटल्यांनी तुंबली, तेव्हा तर त्यांच्यावाचून चालेना. तरीही कितीतरी वर्षे एक विचित्र नाटक चालू होते. न्यायाधीश विचारी, ‘तुला कुणी काही आश्वासन दिले आहे का?’ आणि आरोपी ‘नाही’ म्हणे. खरे काय ते न्यायाधीशासकट सगळ्यांना ठाऊक असे. हे सोंग 1970 च्या सुमारास उतरले. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ब्रॅडी’ निकालाने (1970) मृत्युदंड टाळण्यासाठी दिलेली कबुलीही ग्राह्य धरली आणि ‘सांतोबेल्लो’ने (1971) सरकारी वकिलाने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असे सांगितले. त्याच सुमारास सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी हिशेब मांडला : कबुल्यांचे प्रमाण 90 टक्क्यांवरून 80 वर आले, तर न्यायाधीश आणि न्यायदालने दुप्पट लागतील. तत्त्वाच्या प्रश्नाला दिलेले हे गणिती उत्तर होते, आणि ते आजही पुरते.

सौद्याचा तराजू सरकारी वकिलाच्या हाती असतो. बहुतेक राज्यांत मुख्य सरकारी वकील निवडून येतो, त्यामुळे ‘कडक’ दिसणे त्याला सोयीचे. त्यात किमान सक्तीच्या शिक्षांच्या कायद्यांनी न्यायाधीशाचे हात बांधले. 1986 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 5 ग्रॅम क्रॅक कोकेनला (कोकेनच्या ओढायच्या खड्यांना) जी पाच वर्षांची किमान शिक्षा होती, तीच 500 ग्रॅम भुकटी कोकेनला होती. क्रॅकच्या प्रकरणांत सापडणारे बहुतांशी गरीब वस्त्यांतले कृष्णवर्णीय होते. शंभरास एक हे प्रमाण 2010 मध्ये अठरास एकवर आले. शिक्षा आरोपाला चिकटलेली आणि आरोप निवडणार सरकारी वकील. मग न्यायाधीशाकडे उरते काय?

या सत्तेचा कस ‘बॉर्डेनकर्चर विरुद्ध हेज’ (1978) या प्रकरणात लागला. केंटकीतील पॉल हेजवर 88 डॉलर 30 सेंटचा बनावट धनादेश वटवल्याचा आरोप होता. पाच वर्षे घे, नाहीतर सराईत गुन्हेगाराच्या कायद्याखाली आरोप लावतो, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला; पूर्वीचे दोन गुन्हे नावावर असल्याने त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी हे संविधानाला धरूनच आहे असे ठरवले. खटला मागण्याचा हक्क वापरला म्हणून पाच वर्षांच्या जागी जन्मठेप झाली, असे हेजच्या बाजूने पाहिले तर म्हणावे लागते.

दुसरा दबाव कोठडीचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील कलिफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला मे 2010 मध्ये पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. जामिनाचे 3,000 डॉलर घरच्यांना उभे करता आले नाहीत. पुढे, आधीच्या प्रकरणातील प्रोबेशनमुळे (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे राहण्याच्या अटीमुळे), जामीनच नाकारला गेला. रायकर्स बेटावरील तुरुंगात त्याने सुमारे तीन वर्षे काढली, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. तारखांवर तारखा पडत राहिल्या. एकदा तर कबुली दिलीस तर आजच घरी जाशील, असा प्रस्ताव आला. चोरी केलीच नाही म्हणत त्याने तो फेटाळला. 2013 मध्ये आरोप मागे घेण्यात आले. 2015 मध्ये त्याने आत्महत्या केली. निर्दोष माणसाला घरी जायचे तर गुन्हा कबूल करावा लागतो, हा उलटा न्याय त्यानंतर देशभर चर्चेत आला. 2023 मध्ये इलिनॉय हे रोख जामीन पूर्णपणे रद्द करणारे पहिले राज्य ठरले.

‘आल्फर्ड प्ली’ हा याहून अजब प्रकार. नॉर्थ कॅरोलिनातील हेन्री आल्फर्डने, मी खून केलेला नाही पण मृत्युदंड टाळायचा आहे, असे न्यायालयातच सांगून कबुली दिली. 1970 साली तीही वैध ठरली. आर्कान्सॉमध्ये तीन मुलांच्या खुनाबद्दल अठरा वर्षे तुरुंगात असलेले तिघे 2011 मध्ये याच वाटेने बाहेर आले. निर्दोष असल्याचे सांगत त्यांनी कबुली दिली. कायद्याच्या दृष्टीने ते आजही दोषी आहेत. डीएनए व इतर पुराव्यांनी नंतर निर्दोष ठरलेल्या अमेरिकी कैद्यांमध्येही कधीकाळी गुन्हा कबूल केलेले शेकडो लोक आहेत.

सौद्याची बाजू घेणारेही आहेत. पीडितेला साक्षीच्या पिंजऱ्यातून वाचवता येते, खऱ्या अपराध्याला शिक्षेत सवलत आणि निश्चितता मिळते. अलास्काच्या महान्यायवादींनी 1975 मध्ये सौद्यांवर बंदी घातली होती. न्यायालये कोलमडतील ही भीती खरी ठरली नाही. पण बंदी मात्र हळूहळू सैल होत गेली.

भारतात या पद्धतीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. ‘मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (1976) या अन्नभेसळीच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी तिच्यावर टीका केली होती. 2005 च्या दुरुस्तीने ती फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे; मात्र सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि महिला व लहान मुलांवरील गुन्ह्यांना ती लागू नाही.

मुंबईशी या पद्धतीचा संबंध आला तो डेव्हिड हेडलीमुळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यासाठी ठिकाणांची टेहळणी करणाऱ्या हेडलीने मार्च 2010 मध्ये शिकागोत गुन्हे कबूल केले. मोबदल्यात मृत्युदंड टळला आणि भारताकडे प्रत्यार्पण होणार नाही अशी हमी मिळाली. 2013 मध्ये त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली. 2016 मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्याने माफीचा साक्षीदार म्हणून साक्ष दिली, तीही अमेरिकेतून, व्हिडिओवर. त्याचा मित्र तहव्वुर राणाने खटला लढवला. शिकागोच्या ज्युरीने मुंबईच्या कटाच्या आरोपातून त्याची सुटका केली आणि अन्य आरोपांवर दोषी ठरवले. त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल 2025 मध्ये भारतात आणला गेला तो राणा. हेडली करारानुसार अमेरिकेतच राहिला.