लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल घेताना

मार्च उजाडला की आमच्या गॅरेजवर एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. "जूनमध्ये लेहला जायचंय, साठ हजारांत कोणती गाडी घेऊ?" हातात पाना धरून दिवसातून चार वेळा तेच सांगण्यापेक्षा कागदावर लिहून द्यावं, म्हणून हे माहितीपत्रक. विचारणारे बहुतेक त्याच वाटेचे असतात, त्यामुळे उदाहरण पुणे-दिल्ली-मनाली-लेहचं घेतलं आहे. जायचं अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर, आणि तितकंच परत. कन्याकुमारीला निघालेल्यांनी उंचीचा भाग सोडून द्यावा, बाकी सगळं त्यांनाही लागू आहे.

आधी पैशाचं

साठ हजार हातात असतील तर गाडी पंचेचाळीसची बघा. उरलेले पंधरा हजार गाडीवरच खर्च होणार आहेत: चेनसेट, दोन टायर, बॅटरी, ब्रेक शू किंवा पॅड, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरी, ऑइल, विमा, नावावर करण्याचा खर्च. सगळे पैसे गाडीत घालून "बाकीचं नंतर बघू" म्हणणारा माणूस ते 'नंतर' रस्त्यातल्या एखाद्या अनोळखी गावात बघतो, आणि तिथला मेकॅनिक सांगेल तो भाव देतो. यात त्या मेकॅनिकची काही चूक नाही.

मग पेट्रोलचं

गाडी निवडताना सीसी बघतात, टाकी कुणी बघत नाही. मनालीहून अटल बोगद्यातून उतरलं की टांडीला पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. लेहच्या थोडं अलीकडे कारूला पंप आहे, पण हिशेब ३६५ चाच धरा.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची टाकी साडेतेरा लिटरची. सपाटीवर लिटरला ३० ते ३५ देते, घाटात सामानासकट २५ धरा. म्हणजे साडेतीनशेही होत नाहीत. पाच लिटरचा कॅन बांधावाच लागतो. ४११ सीसीची हिमालयन १५ लिटर घेते, तीही जेमतेमच पुरते. होंडा युनिकॉर्न १५० घाटात ४० जरी देत असली तरी १३ लिटरमध्ये पाचशेच्या पुढे जाते. आणि ज्या स्प्लेंडरला कुणी विचारत नाही, ती दहाएक लिटरमध्ये कॅनशिवाय आरामात लेह गाठते. मात्र एकट्यानं. मागे माणूस आणि दोन बॅगा असतील तर ९७ सीसीचा जीव तो किती! वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा, त्यामुळे इंजिनची ताकदही साधारण निम्म्यावर येते. चढावर मागच्याला उतरून चालावं लागेल.

आमचं मत

एकट्यासाठी किंवा कमी सामानात: युनिकॉर्न १५०, पल्सर १५०. दोघांसाठी: पल्सर १८० किंवा २२०, अ‍ॅव्हेंजर २२०, आणि बजेट थोडं ताणता आलं तर २०१९ नंतरची एक्सपल्स २००. बुलेट घराण्यातल्या गाड्यांना आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः चालवतो. पण साठ हजारांत मिळणाऱ्या बुलेटला बहुतेक वेळा बरंच काम निघतं, आणि १९० किलोची गाडी चिखलात आडवी झाली की एकट्यानं उचलता येते का, हे घेण्याआधी एकदा मोकळ्या मैदानात करून बघा. पल्सर २२० ला किक नाही हेही लक्षात ठेवा; थंडीत बॅटरी बसली तर धक्का मारायचा.

कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, यावर गॅरेजमध्ये चहाचे कप रिकामे होतात. इंजेक्शनची गाडी उंचीप्रमाणे पेट्रोल आपोआप कमी करते. कार्ब्युरेटरची गाडी तिथे जास्त पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो, पिकअप जातो. पण ती कोणत्याही ढाब्याशेजारी उघडून साफ करता येते. इंजेक्शनचा सेन्सर गेला तर तसं नाही. कमी बजेटमध्ये आम्ही कार्ब्युरेटरच सुचवतो. एक नंबर लहान जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र असतं तो भाग) आणि दोन जादा प्लग सोबत न्या. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या) गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनच्याच आहेत, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) आलं. पावसात दिवसभर चालवणाऱ्यानं एबीएससाठी चार पैसे जास्त दिले तर ते वाया जात नाहीत.

मॉडेलवर इतकं बोललो खरं, पण नीट सांभाळलेली साधी गाडी ही हाल झालेल्या भारी गाडीपेक्षा कधीही बरी. म्हणून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

गाडी बघायला गेल्यावर

पोहोचल्याबरोबर इंजिनला हात लावा. गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे. थंड असताना चालू व्हायला कुरकुर करते का, टॅपेट किंवा टायमिंग चेन वाजते का, हे लपवण्याचा तोच मार्ग. अशा वेळी तासाभरानं परत या, किंवा दुसरी गाडी बघा.

चालू झाल्यावर एकदा जोरात रेस करून मागे बघा. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पिते: रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह सील. काम होतं, पण खर्च किमतीतून वजा करायला सांगा. पहिल्या किकला थोडा पांढरा धूर निघून थांबला तर घाबरू नका, ती वाफ असते.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. १८ हजार दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत, मुठी चकचकीत, तर तो आकडा तुमच्या करमणुकीसाठी आहे. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बोटानं मागे ओढा. सुटी होऊन दात दिसायला लागले तर चेनसेट संपला. टायरवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी दिसत असली तरी कडक झालेला असतो, बदलायचाच. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळूच फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कच्या नळीवर ऑइल आहे का तेही बघा. मग मालकाला चालवायला सांगा आणि मागून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत पळत नसतील तर चेसिस बेंड आहे. असं असेल तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

चालवून बघताना डेक्कनला चक्कर मारून उपयोग नाही. शक्य असेल तर मित्राला मागे बसवून कात्रजचा घाट चढवा. क्लच सरकतो का, मिसिंग येतं का (इंजिन मध्येच अडखळतं का), हे तिथे कळतं.

पुरातली गाडी

याबद्दल थोडं वेगळं बोललं पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या अजूनही धुऊन-पुसून हातोहात फिरत असतात. बाहेरून कळत नाही. सीट काढा, बॅटरीचा कप्पा आणि वायरिंगचे कप्लिंग उघडा. कोपऱ्यात वाळलेला गाळ, हिरवट पडलेल्या पिना, मीटरच्या काचेत ओल, यातलं काहीही दिसलं तर गाडी सोडा. इंजिन नवीन करता येतं. वायरिंग रोज वेगळ्या ठिकाणी दगा देतं. कोकण किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा सायलेन्सर, रिम आणि टाकीचा खालचा भाग गंजासाठी तपासा.

कागदपत्रं

इंजिन आणि चेसिस नंबर आर.सी.शी स्वतः ताडून बघा. थकलेले ई-चलन परिवहनच्या साइटवर दिसतात. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या.

"परत आल्यावर ट्रान्स्फर करू" असं म्हणू नका. बाहेरून भाड्यानं आणलेल्या गाड्यांना लडाखमध्ये फिरू देत नाहीत, त्यामुळे आर.सी.वर दुसऱ्याचं नाव दिसलं की प्रश्न सुरू होतात. तसंच, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपत आलेली गाडी स्वस्त मिळते, पण पुनर्नोंदणी आणि हरित कर तुमच्या गळ्यात येतो, आणि दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांचे नियम कडक आहेत. वाट दिल्लीवरून असेल तर अशी गाडी नकोच.

निघण्याआधी

काम झाल्यावर एक पूर्ण दिवस गाडी पळवा. पुण्याहून महाबळेश्वर, आंबेनळीनं पोलादपूर, महाड आणि वरंध्यातून भोरमार्गे परत, सुमारे तीनशे किलोमीटर होतात. (वरंधा पावसाळ्यात बंद असतो.) जे सुटायचं असेल ते इथेच सुटू दे. नवी क्लच वायर जुनीच्या बाजूनं आधीच ओवून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची.

गाडी रेल्वेनं पार्सल करून पुढे पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आर.सी.ची प्रत लागते. त्यात कमीपणा काही नाही. सपाटीवरचे दोन-तीन दिवस वाचतात, आणि पाठही.

आमच्याकडे तपासणी

घेण्याआधी गाडी दाखवायला आणा. सुमारे एक तास लागतो, तपासणीचे ५०० रुपये, आणि काम आमच्याकडेच केलंत तर ते बिलातून वजा होतात. कुठली गाडी घ्या असा आग्रह आम्ही करत नाही, विकायला आमच्याकडे एकही नाही. सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ, आधी फोन करून या. जमलं तर गाडी टेम्पोत घालून आणा, किंवा आदल्या रात्रीच आणून लावा. सकाळी ती थंड असतानाच आम्हाला पहिली किक मारायची असते.