कोकणातल्या जमिनीसाठी मुंबईला पत्र धाडण्याआधी

(जमिनीत गुंतवणूक करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मुंबईकडे राहणाऱ्या कोकणातल्या जमीनमालकांना जमीन विकणार का असे विचारणारी पाचशे पत्रे छापून हवीत, असे म्हणत कोणी आले की आम्ही आधी विचारतो, नावे कुठून आणलीत? बहुतेकदा उत्तर येते, सातबाऱ्यावरून. पण सातबाऱ्यावर नावे असतात, पत्ते नसतात. त्यातले काही खातेदार केव्हाच वारलेले असतात आणि वारस नोंद राहून गेलेली असते. गेलेल्या वडिलांच्या नावाने ‘जमीन विकणार का?’ असे पत्र दारात आले, तर त्या घराला काय वाटेल?

म्हणून छपाईआधी यादीवर वेळ घाला. सातबाऱ्यासोबत फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांचा उतारा काढा; वारस नोंद झाली असेल तर त्यात वारसांची नावे सापडतात. मग गावात जा. लालबाग, डोंबिवली, विरारचे पत्ते वाडीतल्या भावकीकडे असतात. तुम्ही कोण, कशासाठी आलात हे मोकळेपणाने सांगितलेत, तरच ते मिळतात.

सामाईक जमिनीत एकालाच पत्र टाकू नका. बाकीच्यांना वाटते, याने परस्पर सौदा केला, आणि विषय तिथेच संपतो. सगळ्या हिस्सेदारांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचे पत्र टाका आणि तसे त्यात लिहाही.

मजकूर एका पानात बसवा. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर हवाच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, घरात बोलणे गुंठ्यांत होते; दोन्ही द्या. शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी आहात का, हेही लिहा. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि जाणता मालक पहिल्यांदा तेच विचारतो. सरकारी नोटिशीसारखे दिसणारे, ‘अंतिम सूचना’ छापलेले पत्र आम्ही कोणालाही करून देत नाही. भीतीपोटी आलेला फोन आम्हाला नको, तुम्हालाही नसावा.

पहिले पत्र साध्या टपालाने जाऊ द्या. सही घेऊन हातात दिलेला लिफाफा पाहून म्हातारी माणसे कोर्टाचे काही आले म्हणून धसकतात. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. स्पीड पोस्ट पुढे कागदपत्रे पाठवायची वेळ आली की वापरा.

पत्र गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधी पोचेल असे पाहा. चाकरमानी गावी येतात, सगळे भाऊ एका पडवीत बसतात, जमिनीचा विषय तेव्हाच निघतो. उत्तर आले नाही तर शिमग्याआधी दुसरे पत्र टाका. ‘नको’ कळवणाऱ्याचे नाव मात्र यादीतून कायमचे काढा.

लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापून घ्या, म्हणजे न पोचलेली पत्रे परत येतात. ती फेकू नका. पोस्टमनने मारलेला शेरा यादी दुरुस्त करायला लागतो. पुढच्या छपाईला येताना ते लिफाफे घेऊन या. ती दुरुस्ती आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो.