हळदीचा डाग लाल का होतो?

हळद लागलेल्या साडीवर साबण घासला की पिवळा डाग क्षणात लाल होतो. लग्नघरात हे कितीतरी जणींनी पाहिलंय. उटण्याचं बरंचसं शास्त्र त्या लाल रंगातच आहे.

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं, आम्लारीत म्हणजे खारात लाल होतं. हळदीचं कुंकू होतं तेही खारामुळेच. म्हणजे साबण आम्लारीधर्मी आहे, हे हळदच दाखवून देते. साबणाच्या वडीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप) 9 ते 10, आपल्या कातडीचा मात्र 5 च्या आसपास. कातडीवरचं तेल आणि ओल टिकते ती या सौम्य आम्लपणामुळे. साबणानं तो काही वेळ बिघडतो आणि अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होतं.

त्यात मराठवाड्यातलं बोअरचं पाणी! काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. त्यांच्याशी साबणाचा संयोग झाला की फेस मरतो, पांढरा साका तयार होतो. बादलीला चिकटतो तोच अंगालाही चिकटतो. शिकेकाई-रिठ्यातल्या सॅपोनिनचा, म्हणजे त्यांच्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्याचा, असा साका होत नाही. फेस थोडा, पण मळ निघतो. मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ जादा तेल टिपून घेतं. आधी तेल, मग उटणं, हा दिवाळीचा क्रम म्हणूनच मला फार शहाणपणाचा वाटतो.

उटण्यानं माणूस गोरा होतो, हे मात्र खरं नाही. मळ निघतो, हळदीची पिवळी झाक राहते; कातडीला रंग देणारं मेलॅनिन आहे तेवढंच राहतं. हळदीत कर्क्युमिन जेमतेम 2 ते 5 टक्के, तेही पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून स्निग्ध सायीत कालवणं बरं. नायटा, इसब असेल तर उटणं चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

चूर्ण वस्त्रगाळच हवं. जाड कणांनी कातडी खरचटते. भिजवलेलं उटणं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, त्यात जंतू वाढतात. लिंबू पिळून उन्हात तर मुळीच जाऊ नये, चट्टे पडतात. नवं चूर्ण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

आणि हळद! झळझळीत पिवळेपणासाठी तिच्यात शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडले आहेत. आपल्या हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिकतं आपल्याच दारात, तर सुटी पूड कशाला? हळकुंडं आणा, कुटा, दळा, गाळा.