व्यवसाय आणि फावल्या वेळातली शारीरिक हालचाल (खान्देश)

कामाधंद्यात होणारी अंगमेहनत आणि काम सुटल्यावर माणूस आपणहून करतो तो व्यायाम, खेळ, चालणं यांचा एकमेकांशी असलेला संबंध. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस काम, प्रवास, घरकाम आणि फावला वेळ सगळं धरून आहे, नुसत्या मॉर्निंग वॉकची नाही.

अभ्यासाची सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. इटलीतला वैद्य रामात्सिनी याने १७०० मध्येच शिंपी-चांभारांसारख्या बसून काम करणाऱ्यांना निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा असं सांगितलं होतं, पण तो सल्ला झाला, मोजमाप नाही, म्हणून ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिसपासून मोजणं जास्त बरं. लंडनच्या दुमजली बसचे बसून असणारे ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना त्याने १९५३ मध्ये छापली, त्यात कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला. मग १९५६ मध्ये त्यानेच युनिफॉर्मची मापं तपासली तर ड्रायव्हरांच्या पँटी तरुण वयातच कमरेला मोठ्या, म्हणजे कामाने माणूस तसा झाला का तसा माणूसच त्या कामाला गेला, हा घोळ तेव्हापासून आहे तो आहेच.

फावल्या वेळाबद्दल दोन मतं आहेत, दोन्ही साधारण १९६० च्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विलेन्स्कीच्या लेखापासून धरतात: एक, कामात जे मिळत नाही ते माणूस सुट्टीत भरून काढतो, दोन, कामातली सवयच सुट्टीत उतरते. खान्देशात पहिलं मत जळगावला पटतं, मेहरूण तलावावर सकाळी चालायला येणाऱ्यांत दुकान-बँक-ऑफिसवालेच जास्त दिसतात. पण यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत उतरणारे पोरं बरेचसे शेतकऱ्या-मजुरांच्या घरचे, तिथं हे मत लंगडं पडतं.

रावेर-यावलकडे केळीचे घड बागेतून ट्रकपर्यंत वाहणाऱ्याला 'फावल्या वेळात व्यायाम करता का' विचारलं तर तो नाहीच म्हणणार, आणि त्या रकान्यात त्याची नोंद आळशी अशी होणार. महाराष्ट्र धरून चार प्रदेशांत झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले आणि करमणूक म्हणून हालचाल करणारे १० टक्क्यांच्याही आत.

मग केळी वाहणाऱ्याला व्यायामाची गरजच नाही का? इथं वाद आहे. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात जड काम करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त निघाला, तर कोपनहेगनच्या १,०४,०४६ लोकांवरच्या २०२१ च्या अभ्यासात फावल्या वेळातल्या हालचालीने धोका कमी आणि कामातल्या हालचालीने जास्त. कारण असं देतात की कामात ओझं उचलणं तासन्‌तास चालतं, विसावा मिळत नाही, रक्तदाब चढाच राहतो. काहीजण म्हणतात हा गरिबीचा आणि विडी-तंबाखूचा परिणाम आहे, आणि यातही तथ्य दिसतं.

बायकांचं वेगळंच. कापूस वेचून आल्यावर पाणी, चूल, भांडी, म्हणजे फावला वेळ हा रकानाच जवळपास कोरा. अखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोके खेळतात तेवढा अपवाद (पुरुष तेव्हा पत्ते कुटतात).

भुसावळच्या रेल्वेवाल्यांचा प्रश्न मेहनतीपेक्षा कामाच्या पाळीचा, म्हणजे शिफ्टचा. ट्रॅकवरचा माणूस दिवसभर चालतो, लोको पायलट (इंजिन चालवणारा) बसून असतो, पण ड्युटीची वेळ रोज बदलत असल्याने ठरलेल्या वेळी तालमीत किंवा ग्राउंडवर जाणं लोको पायलटलाच जास्त अवघड पडतं.